गुरचरणावरची वीणा

चैत्र लागला की मला राग येतो. लोकांना चैत्रात पळस दिसतो, कोकिळा ऐकू येते, कैरीच्या डाळीची आठवण होते. मला बांबू दिसतात. खोपोलीच्या रस्त्यानं मंडपाच्या बांबूंनी भरलेला टेंपो गेला, वर दोरांची भेंडोळी आणि त्या भेंडोळ्यांवर बसलेली पोरं दिसली, की माझ्या कपाळाची शीर उडायला लागते. काल असाच एक टेंपो गेला. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. दोरीवर टाकलेला टॉवेल मी खाली ओढला आणि परत पिळला. त्यात पाण्याचा थेंब उरला नव्हता.

"अगं आई, किती वर्षं झाली आता," घरातले म्हणतात. झाली असतील. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरच्या नोकरीतून मी वयानुसार निवृत्त झाले. रागाला असं काही वय ठरवून दिलेलं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

आमचं गाव खालापूर तालुक्यातलं. डोंगर संपून भाताची खाचरं सुरू होतात तिथलं. गाव आणि आमची वस्ती यांच्या मधे मोठं मोकळं गुरचरण होतं. जागा सरकारची. सरकारची म्हणजे कुणा एकाची नाही, म्हणून सगळ्यांची, असं मी लहानपणी समजत होते. दुपारी सगळ्या गावाची गुरं तिथं वडाखाली बसायची. डोंगरावरच्या ठाकरणी करवंदांच्या पाट्या उतरवून तिथंच टेकायच्या आणि पानाच्या द्रोणात करवंदं मोजून न देता ओंजळीनं द्यायच्या. शेणासाठी आम्हा मुलींची पळापळ चालायची, आणि गुरं पाटलांची असली तरी शेण जिच्या पाटीत तिचं, हा कायदा कुणी मोडत नसे. एका कडेला सरकारी विहीर होती. आमच्या बायका तिथं पाणी भरायच्या, पण गावातल्या बायकांचं भरून झाल्यावर. हा कायदा मात्र सरकारनं केलेला नव्हता.

चैत्रात तिथं हरिनाम सप्ताह बसायचा. सात दिवस, सात रात्री. मंडप उभा राहायचा, जमीन शेणानं सारवली जायची, आणि मंडपाच्या चारी बाजूंनी सुंभाची दोरी ताणली जायची. आमच्या माणसांनी दोरीच्या बाहेर, विहिरीच्या अंगाला बसायचं. बसा म्हणून कुणी सांगायचं नाही. न सांगता कळायचं, हीच तर त्या दोरीची करामत होती. सात दिवसांपुरतं गुरचरण देवाचं व्हायचं आणि आठव्या दिवशी परत गुरांचं. आमचं मधे कधी व्हायचंच नाही.

एक सांगून टाकते. राग येतो तो गाण्याचा नाही. संध्याकाळी पखवाजावर थाप पडली की मी आजही हातातलं काम टाकून ऐकते. टाळकऱ्यांची रांग पावलं टाकायला लागली, पुढे दोन, मागे दोन, की आम्ही मुली दोरीबाहेर बसल्या बसल्या अंगठ्यानं मातीत ठेका धरायचो. मला ताल कळतो तो तिथं बसून कळलेला आहे. ज्यांनी बाहेर बसवलं त्यांच्याकडूनच मी शिकले, आणि हे आठवलं की राग कमी होत नाही, वाढतो.

सप्ताहात वीणा थांबत नाही. ती कुणाच्या तरी गळ्यात असते, एका हाताचं बोट तारेवर, दुसऱ्या हातात चिपळ्या, आणि तोंडानं नाम. पहारा संपला की पुढचा माणूस समोर उभा राहतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. मधे ती जमिनीला लागायची नाही आणि तार गप्प व्हायची नाही. झाली, तर सप्ताह खंडला. माझ्या लहानपणी पहाऱ्याला माणसं कमी पडत नसत, कारण चैत्रात शेतकऱ्याला दुसरं काम नसे. पुढं साजगावला, रसायनीला कारखाने आले. धोतरं जाऊन पँटी आल्या, आणि गावात वीणेच्या पहाऱ्यालाही लोक 'शिफ्ट' म्हणायला लागले. "माजी शिफ्ट पाच वाजता हाय," असं एकजण म्हणाला तर विचारावं लागे, कारखान्यात का मंडपात.

आमच्यातही तोवर बरंच बदललं होतं. छप्पनला आमच्या लोकांनी धर्म बदलला. त्याआधी माझे आजोबा गावच्या पालखीपुढं डफडं वाजवायचे. ते वाजवायचे म्हणून पालखी हलायची, आणि पालखी देवळात शिरली की ते बाहेर उभे राहायचे. धर्म बदलला त्या साली त्यांनी डफडं आढ्याला टांगलं आणि परत काढलं नाही. पण वाजवणाऱ्यांच्या घरातलं वाजवणं असं आढ्याला टांगून संपत नाही. वस्तीत पेटी आली, ढोलकी आली, खंजिरी आली. गायन पार्टी उभी राहिली. एप्रिलात आमची जयंती असते. ती कुणाची हे आमच्याकडे विचारावं लागत नाही. त्या दिवशी पार्टी गायची, वस्तीच्या बोळात, दोन्हीकडच्या दारांत माणसं कोंबून.

पार्टीत पुढं बसायची माझी हौसाआत्या. वडिलांची बहीण. पोशीरला दिली होती, नवरा गेल्यावर माहेरी परत आली. उंच, काळीसावळी, आणि आवाज असा मोकळा की पेटीवाल्याला तिच्यासाठी पट्टी शोधताना घाम फुटे. ती गाणी स्वतः रचायची. लिहिता येत नसल्यामुळे मला समोर बसवून म्हणायची, आणि मी चुकून एखादा शब्द 'सुधारला' तर तिला लगेच कळायचं. "शाळंतला शबुद नको गं, माजाच ऱ्हाऊ दे." तिची एकच इच्छा होती. बोळात नाही, गुरचरणावर गायचं. मोकळ्यावर, सगळ्या गावानं ऐकावं असं. "माजा बाप तितं देवळाभाईर उबा ऱ्हायला," ती म्हणायची, "मी तितं मधी बसून म्हननार."

मग एका साली वडिलांनी मनावर घेतलं. खालापूरच्या कचेरीत खेपा घातल्या आणि जयंतीच्या संध्याकाळसाठी गुरचरणाची परवानगी आणली. सप्ताह त्याआधीच, हनुमान जयंतीला काला होऊन उठणार होता. म्हणजे कुणाचं कुणाला अडायचं नव्हतं. गावातही कुरकुर झाली ती कानांपुरतीच. पोशीरची पार्टी यायची ठरली, नेरळची यायची ठरली. आत्यानं नवी गाणी बसवली. ती भाकऱ्या थापताना गुणगुणायची, विहिरीवर गुणगुणायची, आणि मधेच थांबून मला विचारायची, "काय गं, मोकळ्यावर आवाज उडून नाय ना जानार?" मी तेव्हा मॅट्रिक होऊन नर्सिंगला नंबर लागायची वाट बघत होते. मी म्हणायचे, "तुजा आवाज? तो रसायनीला जाईल."

सप्ताहाचा सहावा दिवस. टळटळीत दुपार. आत्या आणि मी विहिरीवर होतो. मंडपात पांडूबुवा एकटेच वीणा घेऊन उभे होते. बाकीचे जेवायला गावात गेलेले. कानानं मंद झालेला एक म्हातारा टाळकरी खांबाला टेकून गाढ झोपलेला, टाळ मांडीवर. पांडूबुवा म्हणजे माळकरी, सरळ माणूस. आमच्या वस्तीतल्या बायका त्यांच्याच खाचरांत राबायच्या. त्यांच्या नंतरचा पहारा त्यांच्या पुतण्याचा, शांतारामचा. शांताराम साजगावच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता आणि आला नव्हता. का आला नव्हता ते नंतर कळलं. त्याला सोडवायला येणारा माणूस आला नाही, आणि चालू यंत्र सोडून त्याला निघता येईना. हे मी मुद्दाम लिहिते आहे. हातातलं काम बदली माणूस येईपर्यंत खाली ठेवता येत नाही, हे त्या दिवशी शांतारामइतकं कुणालाच कळलेलं नव्हतं.

आम्हाला आधी नाम अडखळल्यासारखं वाटलं. मग बघितलं तर बुवा झुलत होते. चेहरा लाल, घाम अजिबात नाही. ऊन लागल्याची ती खूण असते हे मी पुढे शिकले. त्यांनी खांब धरायला हात लांब केला, खांब सापडला नाही. आणि आमच्याकडे बघून ते ओरडले, "हौसे! धर गं! जमिनीला लागू दिऊ नको!"

आत्या कळशी टाकून धावली. दोरी ओलांडली की नाही, हे तिच्या ध्यानातही आलं नसेल. बुवांच्या गळ्यातला पट्टा तिनं काढून आपल्या गळ्यात घातला, आणि त्यांचं बोट तारेवरून सुटलं तिथं तिचं बोट लागलं. मी बुवांना खाली निजवलं, डोकं मांडीवर घेतलं, पदर भिजवून कपाळावर ठेवला. त्यांचे डोळे उघडे होते. ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. नाम तुटतंय या भीतीनं बुवा नुसते ओठ हलवत होते. ते बघितलं आणि आत्यानं त्यांच्यासाठी मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली. "रामकृष्णहरी, रामकृष्णहरी." धर्म बदलला त्या दिवशी ती नावं तिनं शपथ घेऊन तोंडातून काढून टाकली होती. ती परत तोंडात घेतली, ती एका माणसाच्या जिवाच्या धास्तीपोटी.

"पानी," बुवा मला म्हणाले. मी माझ्या कळशीतलं पाजलं. दोनदा मागितलं, दोनदा पाजलं.

आणि आत्या गात होती. मंडपाच्या मधोमध, सारवलेल्या जमिनीवर, उभी. मला काय वाटलं ते खरं सांगायचं तर मी त्या क्षणी घाबरले नव्हते. मला आनंद झाला होता. आवाज कुठं उडून वगैरे जात नव्हता. वडाखालची गुरं रवंथ थांबवून बघत होती आणि सबंध गुरचरणभर फक्त हौसाआत्या होती.

शांताराम आला तो कारखान्याच्या निळ्या कपड्यांत, धापा टाकत. दोरीपाशीच थबकला. आत्या नाम न थांबवता त्याच्याकडे चालत गेली आणि पट्टा काढून घेता यावा म्हणून तिनं मान वाकवली. तो एक पाऊल मागे सरला.

"घे रं," ती दोन नामांच्या मधे म्हणाली. "काका पडलं तुजं. घे लवकर."

"ठिव ती."

"खाली कशी ठिवू? खंडल ना."

"ठिव म्हनतो ना!"

तिनं पांडूबुवांकडे बघितलं. आत्तापर्यंत उघडे असलेले त्यांचे डोळे आता मिटले होते. ती तशीच उभी राहिली, बोट तारेवर, मान वाकवलेली. शांताराम हात पाठीमागे बांधून उभा. त्यानं नुसते हात पुढे करायचे होते. नंतर आंघोळ करून घेतली असती तरी चाललं असतं, कुणाला कळलंही नसतं. गावातली माणसं जेवून परतताना दिसायला लागली, तसा तो खेकसला, "ठिव, नायतर बरं व्हनार नाय!" मग आत्यानं वीणा जमिनीवर ठेवली. सहा दिवस न थांबलेली तार थांबली. सप्ताह खंडला तो त्या क्षणी, आणि खंडला तो शांतारामच्या हातांनी, म्हणजे त्यानं पुढं न केलेल्या हातांनी. हे मी कोर्टात सांगीन, मंडपात सांगीन, कुठंही सांगीन. मला कुणी विचारत नाही एवढंच.

संध्याकाळी मंडपात सगळे जमले. आम्ही दोरीबाहेर. कीर्तनाला बाहेरगावाहून आलेले महाराज मधे बसले होते. त्यांनी पांडूबुवांना विचारलं, "वीणा तुम्ही दिली का तिनं घेतली?"

बुवा माळेशी चाळा करत म्हणाले, "माजी शुद्ध गेली व्हती, म्हाराज. मला काय ठावं नाय."

बेशुद्ध माणसं मी पुढं आयुष्यभर बघितली. बेशुद्ध माणूस दोनदा पाणी मागत नाही. मी उठून उभी राहिले आणि म्हणणार होते, बुवा, कुणाच्या कळशीतलं प्यालात ते सांगा. आत्यानं माझा हात खाली ओढला. "गप ऱ्हा गं. म्हाताऱ्याला त्यांच्यातच जगायचंय." तिच्या त्या दयेचाही मला राग आहे. आमच्या माणसांकडे दया फार, आणि ती नेमकी नको तिथं खर्च होते.

वस्तीतही तिची सुटका नव्हती. रात्री जेवताना शेजारचे काका म्हणाले, "हौसाबाय, पन तू राम म्हनलीस." वडील भाकरी मोडत राहिले. आत्या म्हणाली, "मानूस पडत व्हता. त्याच्या तोंडात जे व्हतं ते म्हनली. त्याच्या तोंडात दुसरं आसतं तर दुसरं म्हनली आसती."

निवाडा असा झाला की जमीन गोमूत्र शिंपून शुद्ध करायची आणि सप्ताह पहिल्यापासून धरायचा. परत सात दिवस. मधे हनुमान जयंती येऊन गेली, मारुतीचा जन्म होऊन गेला, तरी मंडप हलेना. आमची जयंती बरोब्बर त्या दुसऱ्या सात दिवसांत सापडली. वडील परवानगीचा कागद घेऊन परत खालापूरला गेले. साहेबांनी ती परवानगी खोटी आहे असं म्हटलं नाही. ते म्हणाले, "धार्मिक भावनेचा प्रश्न आहे. जरा समजुतीनं घ्या." समजूत या शब्दाची मला तेव्हापासून शिसारी आहे. सरकारी जागा म्हणजे ज्याचा बांबू आधी रोवला त्याची, आणि समजूत म्हणजे ज्याचा रोवू दिला नाही त्याची. भावना त्यांच्या, समजूत आमची, अशी वाटणी कुणी केली आणि आम्हाला विचारलं कुणी? ज्या शेणानं ती जमीन सारवली होती ते शेण आमच्या पोरींनी गोळा केलेलं. ते चालतं. त्याला गोमूत्र लागत नाही.

जयंतीच्या संध्याकाळी पोशीरची पार्टी आली, नेरळची आली, आणि गुरचरणाला वळसा घालून बोळात शिरली. मंडपावरच्या भोंग्याचं तोंड वस्तीकडे वळवलेलं होतं. मुद्दाम नसेलही. दरवर्षी मात्र ते गावाकडे असायचं. पेटी सुरू झाली, ढोलकी बोलायला लागली, आत्या नव्या लुगड्यात पुढं बसली. तिची पाळी आली तेव्हा तिनं पेटीवर हात ठेवून पेटी थांबवली. "तुमी म्हना. ही गानी मी मोकळ्यावरची बसवलीत. गटारावर नाय म्हननार." वडिलांनी समजावलं, पाहुण्यांनी समजावलं. मी तर रडले. भोंग्याला पुरून उरेल असा एकच आवाज आमच्याकडे होता, आणि तो मांडी घालून गप्प बसला होता. मला त्या दिवशी तिचा सगळ्यांपेक्षा जास्त राग आला होता. तो राग गेला. बाकीचे आहेत तिथं आहेत.

आता त्या गुरचरणावर पक्का सभामंडप आहे. लोखंडी फाटक आहे, फाटकाला कुलूप आहे. जागा अजून सरकारचीच आहे म्हणे. गुरं राहिली नाहीत, मग चरण कुठलं, असं विचारणारे भेटतात. मागे गेले होते तेव्हा तिथला एक तरुण कार्यकर्ता फार आदरानं म्हणाला, "ताई, आता तसं काय राह्यलं नाय. आता सगळे येतात." मी विचारलं, "वीणा कुणाकुणाच्या गळ्यात जाते?" तो म्हणाला, "ते काय, पूर्वीपासून ठरलेली घरं हायत." चांगला मुलगा होता. मला चहा घ्या म्हणत होता.

सप्ताह खंडला त्या साली आषाढात भातलावणी निघाली. पोट कुणाशी भांडत नाही, तेव्हा वस्तीतल्या बायका पांडूबुवांच्या खाचरात उतरल्या. आत्या उतरली, नर्सिंगचं बोलावणं आलं नव्हतं म्हणून मीही उतरले. लावणीत गाणं लागतं. गाणं असलं की हात एका ठेक्यात पडतात, कंबर कमी दुखते, रांग सरळ मागे सरकते. पांडूबुवा घोंगडी पांघरून बांधावर आले. चैत्रापासून ते वस्तीतल्या कुणाशी बोलले नव्हते. जणू मधे काही घडलंच नाही अशा सवयीच्या सुरात म्हणाले, "गप का गं समद्या? हौसे, म्हन की काय तरी."

आत्या ताठ उभी राहिली. हातातली रोपाची मूठ पाण्यात धुतली, पुन्हा धुतली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो सगळा माझ्याकडे आला असावा.

"बुवा," ती म्हणाली, "ही जमीन तुमची हाय. हितं मी राबायला आली. गायची व्हती ती सरकारी जमिनीवर."

आणि ती वाकली. रांगेतली एकही बाई त्या दिवशी गायली नाही. बुवा बांधावर उभे राहिले, मग बसले. ठेका नव्हता म्हणून हात पुढंमागं पडत होते, ओळी वाकड्या जात होत्या, आणि आम्ही त्या तशाच लावत गेलो.